उतरलो, कर चालू

मोबाइलचे टॉर्च बंद करा रे आधी. बॅटरी वाचावी म्हणून नाही सांगत, तुमची तोंडं दिसायला नकोत म्हणून सांगतोय. आत्ता कोण बोललं ते? "लाइनवाले झोपा काढत असतील, एक बटण दाबायला किती वेळ लागतो" म्हणून? बोल की. आता का दातखीळ बसली?

बटण दाबणं फार सोपं असतं, बाबा. न दाबणं अवघड. तेवढं एकदा ऐकून घ्या आणि मग खुशाल शिव्या घाला. लाइट काही इतक्यात येत नाही, आणि गच्चीवरून खाली जाऊन तरी काय दिवे लावणार आहात?

ही गोष्ट अर्धी माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. उरलेली अर्धी माझ्या दाजींनी मला सांगितली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. वायरमन होते, गेल्या वर्षी रिटायर झाले. खोटं बोलायला थोडी तरी अक्कल लागते, ती त्यांच्याकडे नाही. सगळी नोकरी झाली, पण आजारपणाची एक खोटी रजा त्या माणसाला कधी साधली नाही.

तीन वर्षं झाली. मंगळवार होता, अमावास्येची आदली रात्र. मी संध्याकाळीच ताईकडे गेलो होतो, काखेत टेबलफॅन घेऊन. फिरेना झाला होता, दाजींकडून फुकटात करून घ्यावा म्हटलं. तिकडे बघतो तर त्यांच्याच घरातले दोन पंखे बंद. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ताई मला बघून म्हणाली, "आला... फुकट्या." मग थांबली, दोनदा श्वास घेतला आणि हसली.

ती तशीच बोलायची. दोन शब्द, की थांबायचं. मोठ्या आजारातून उठली होती, पण फुप्फुसं गेली होती कामातून. पुढच्या खोलीत खिडकीशी तिची खाट. खाटेशेजारी ते ऑक्सिजनचं मशीन, कमरेएवढं, चाकांवरचं, दिवसरात्र घुं घुं करणारं. त्याला पाण्याची छोटी बाटली, तिच्यात बुडबुडे यायचे. तिथून नळी निघून ताईच्या नाकाशी. ते मशीन चालू तर ताई चालू. इतका साधा हिशोब होता. घरातली सगळी माणसं बोलता बोलता त्या बुडबुड्यांकडे बघायची. पाहुण्यांनाही दोन दिवसांत सवय लागायची.

जेवणं झाली आणि वारा सुटला. पाऊस नाही, गडगडाट नाही. नुसता वारा. पत्रे वाजायला लागले, कुठेतरी एक दार आपटत राहिलं. दाजी माझा पंखा मांडीवर घेऊन त्यात पेचकस घालत होते. लाइट एकदा मिणमिणली. एकदा परत आली. आणि गेली.

मशीनने किंचाळल्यासारखा आवाज केला. बंद पडलं की ते तसं ओरडतं.

दाजी उठले. अजिबात घाई नाही. खाटेखाली आणीबाणीचा सिलिंडर होता. तो ओढला, नळी जोडली, चावी फिरवली. बुडबुडे पुन्हा सुरू. मी मेणबत्ती लावली. सिलिंडरवरचा काटा अर्ध्याच्याही खाली होता. नवा सिलिंडर येणार होता दुसऱ्या दिवशी.

अँब्युलन्सला फोन लावला. ड्रायव्हर म्हणाला, दोन्ही बाजूंनी झाडं आडवी झालीत, सकाळशिवाय गाडी येणं शक्य नाही. दाजींनी सबस्टेशनला फोन लावला. तिथला ऑपरेटर त्यांचा जुना दोस्त. तो म्हणाला, "गड्या, तुमच्या बाजूची लाइन उभीच राहत नाही. चालू केली की पडते. रानात कुठेतरी फांदी आली असणार." दाजींचा जोडीदार जीप घेऊन निघाला होता, पण तो पडलेल्या झाडाच्या पलीकडे अडकलेला. लाइन जमिनीला जोडायची साखळी त्याच जीपमध्ये. आता ही साखळी काय असते, तर वायरमन वर चढण्याआधी ती तारांवर टाकतो, म्हणजे कुणी चुकून लाइन चालू केलीच तरी वरचा माणूस वाचतो. साखळीशिवाय चढायचं नाही आणि एकट्याने चढायचं नाही, हे त्यांचे पहिले दोन नियम.

दाजींनी पट्टा कमरेला बांधला, पक्कड आणि करवत खोचली. कोपऱ्यावर दूध आणायला निघावं तसं म्हणाले, "आलोच बघून." मग मला दाराबाहेर नेलं आणि माझा दंड धरला.

"काटा लालमध्ये गेला की चावी कमी कर. पण बंद करू नको. तिला बोलायला लावू नको. आणि तू रडू नको तिच्यासमोर."

"दाजी, कुणीतरी सोबत घ्या की."

"कुणाला घेऊ? वर चढायचंय, वरातीला नाही जायचं."

आणि गेले. आता पुढचं त्यांनी सांगितलेलं.

घरामागून पायवाट शेतात उतरते. खांबांची रांग शेतांतून जाते, पुढे रानात शिरते. दाजी एकेका खांबाखाली थांबायचे, टॉर्च वर मारायचे, तारेवरून उजेड पुढच्या खांबापर्यंत न्यायचे, आणि पुढे. कुठे मक्याचं उभं पीक, कुठे नांगरून टाकलेलं रान, ढेकळं अशी की पाय मुरगळावा. बांधावरून चालायचं, बांध संपला की ढेकळांतून. एरवी हाच रस्ता ते शीळ घालत करायचे. त्या रात्री प्रत्येक खांबाखाली ते एकच म्हणत होते, इथे असू दे. इथेच असू दे. रानात नको.

शेतातल्या खांबांवर काहीच नव्हतं.

रानाच्या तोंडाशी पाण्याची एक टाकी आहे. मोबाइलची शेवटची रेंज तिथे. तिथून एका अंगाला शेतांपलीकडे सबस्टेशनचा लाल दिवा दिसतो. दुसऱ्या अंगाला ताईचं घर, पण त्या रात्री तिकडे नुसता काळोख. दाजींनी टाकीशी उभं राहून परमिट घेतलं.

परमिट म्हणजे काय ते नीट ऐका, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. वायरमनने सांगितलं की मी लाइनवर चढतोय, की ऑपरेटर स्विच खाली पाडतो आणि हात बांधून बसतो. मग मुख्यमंत्र्याचा फोन आला तरी लाइन चालू करायची नाही. ज्याने परमिट घेतलं त्यानेच, स्वतःच्या तोंडाने सांगायचं, "उतरलो, कर चालू." त्याला परमिट परत देणं म्हणतात.

त्याच रानात पूर्वी एक वायरमन गेला होता. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. दाजींना खांबावर चढायला त्यानेच शिकवलं. एका रात्री उस्ताद वर असताना लाइन चालू झाली. तेव्हाचा ऑपरेटर चौकशीत एकच सांगत राहिला, "उस्तादचाच फोन होता. उतरलो म्हणाला. त्याचाच आवाज, साहेब." कोण विश्वास ठेवणार? माणूस वर चिकटलेला आणि खालून फोन करतोय? त्याची नोकरी गेली. त्या रात्री उस्तादची मुलगी बाळंतपणाला दवाखान्यात होती आणि दवाखान्यात अंधार होता, एवढं दाजी सांगतात. त्याचा काय संबंध, ते ते सांगत नाहीत.

तेव्हापासून तिथल्या वायरमन लोकांनी आपापसात एक रीत पाडली. कुठल्या नियमात नाही, साहेबाला ठाऊक नाही. परमिट घेताना एक शब्द द्यायचा. मनाला येईल तो, दरवेळी नवा. कुणी वांगं म्हणतो, कुणी सासूबाई. त्याला ते खूण म्हणतात. परत देताना तीच खूण सांगायची. खूण नाही तर लाइन नाही, मग आवाज सख्ख्या बापाचा का असेना.

दाजींनी परमिट घेतलं. तोंडाला आला तो शब्द खूण म्हणून दिला. आणि पळतच रानात शिरले.

रानात वारा कमी होता. झाडं दाट, पायाखाली वाळका पाला. दोन-तीन खांब गेले असतील आणि दाजींच्या लक्षात आलं की आपल्या पुढे कुणीतरी चालतंय. पाला वाजत होता. पट्ट्याला लावलेली हत्यारं एकमेकांवर आपटावीत तसा किणकिण आवाज येत होता. त्यांना आधी आनंदच झाला, जोडीदार आला कसाबसा! हाक मारली. उत्तर नाही. थांबले. पुढचा आवाजही थांबला.

पण एक पाऊल उशिरा.

ते चालायला लागले. पुढचा पळायला लागला. "मला भीती नाही वाटली तेव्हा," दाजी मला म्हणाले. "मला वाटलं, माझ्यापेक्षा जास्त घाई कुणाला आहे?"

फॉल्ट सापडला. रानाच्या मधोमध. एक जाड फांदी तारेवर आडवी, खांबाजवळचा जोड जळून लोंबत होता. एकट्याचं काम नाही ते. साखळीशिवायचं तर नाहीच नाही. दाजींनी खांबाला हात लावला, घड्याळाकडे बघायचं टाळलं आणि चढले.

टॉर्च दातात धरलेला. पट्टा खांबाभोवती. फांदी करवतीने कापायची, मग तार ओढायची, मग जोड मारायचा. फांदी खाली पडली तेव्हा रानभर आवाज घुमला. तो विरला. आणि मग खालून कुणीतरी बोलायला लागलं.

"हॅलो. हां. मी बोलतोय."

दाजींचे हात थांबले.

"उतरलो मी. कर चालू."

खांबाच्या अगदी बुंध्याशी. आणि आवाज... तुम्ही कधी रेकॉर्डिंगमध्ये स्वतःचा आवाज ऐकलाय? आपला वाटत नाही, पण आपला असतो. तसा.

"कोण आहे खाली?" दाजी ओरडले. टॉर्च दातातून सुटला. खाली पडला, गवतात पेटलेलाच राहिला. उजेडात बुंधा दिसत होता. पाला दिसत होता. माणूस नव्हता.

"खूण?" खालचा आवाज म्हणाला. "कसली खूण? अरे, कर ना चालू..."

शांतता. पलीकडचं बोलणं ऐकत असल्यासारखी.

"बायको मरतेय रे माझी. कर चालू. पाया पडतो तुझ्या... कर..."

आणि तो रडायला लागला. दाजी सांगताना थांबले होते इथे. म्हणाले, "असं मी आयुष्यात कधी रडलो नाही. पण रडलो असतो, तर असाच."

आता विचार करा. हात तारेवर. साखळी नाही. तिकडे ऑपरेटरने ऐकलं, की खलास. उतरावं? उतरले तर जोड अर्धा. मग ताई खलास. खाली तो रडतोय. वर हे पक्कड फिरवतायत. अंधारात. चाचपडत. दाजी मला म्हणाले, "मी ओरडत होतो, ऐकू नको रे, ऐकू नको त्याचं. इतक्या लांबून कुणाला ऐकू जाणार? तरी ओरडत होतो."

ऑपरेटरने नंतर सांगितलं ते असं. सबस्टेशनमध्ये जुना डबा फोन आहे, कुणाचा नंबर दिसत नाही. फोन वाजला. दाजींचा आवाज. त्याने खूण विचारली. ती आली नाही. तो रडला, पाया पडला. ऑपरेटर म्हणाला, "माझा हात स्विचवर होता. मी स्वतःचाच हात धरून ठेवला."

जोड झाला. दाजी घसरतच उतरले, तळहात सोलले. खाली कुणी नव्हतं. टॉर्च उचलला आणि धावले. काटे, मुळं, काही बघितलं नाही. टाकीशी आले, रेंज आली, फोन लावला.

"उतरलो! कर चालू!"

मग ऑपरेटर हळूच म्हणाला, "खूण?"

दाजींनी तोंड उघडलं.

आठवेना.

काय सांगू तुम्हाला... तोंडाला आला तो शब्द दिला होता. तोंडातून निघाला आणि गेला. त्यांनी वांगं म्हणून बघितलं. पक्कड म्हणाले, टाकी म्हणाले, ताईचं नाव घेतलं.

"नाही," ऑपरेटर म्हणाला. तोही रडकुंडीला आलेला.

"अरे मीच आहे! कर चालू. बायको मरतेय रे माझी..."

"मघाशी हेच म्हणालास," ऑपरेटर म्हणाला. "अगदी हेच. गड्या, तू जर वर असशील ना अजून... माझ्या हातून नाही होणार. इथे ये. तोंड दाखव. मग करतो."

दाजी म्हणतात, तिथे ते खाली बसले. ढेकळांत. एका बाजूला घर, एका बाजूला तो लाल दिवा. घरी जावं तर निदान ती जाताना जवळ असू. दिव्याकडे जावं तर वाचेल, पण उशीर झाला तर तिच्याजवळ कुणीच नाही. मी होतो म्हणा, पण मी नवरा नव्हे. दोन्हीकडे जायचं होतं त्यांना. माणसाला दोन्हीकडे जाता येत नाही.

ते उठले आणि दिव्याकडे धावत सुटले. नांगरलेल्या रानातून, पडत, उठत.

आता माझं ऐका. मी घरात. काटा लालमध्ये जाऊन बराच वेळ झाला होता. चावी कमी केली होती. बाटलीत बुडबुडे येत होते, पण कसे? एक आला की वाट बघायची. ताईचे ओठ काळसर पडले होते. ती माझ्याकडे बघत होती. बोलत नव्हती. मी ऑपरेटरला कितीदा फोन केला, मोजलं नाही. आई-बहिणीवरून बोललो. "माझ्या हातात असतं तर, भाऊ..." तो म्हणाला. मी ओरडलो, "तुझ्याच हातात आहे, मेल्या!" खरंच होतं ते.

आणि बाटली थांबली.

मी वाट बघितली. बुडबुडा नाही. ताईने डोळे मिटले. छाती भात्यासारखी वर-खाली. मला काही येत नाही रे, मी काय करणार... वर्तमानपत्राने वारा घालत होतो. वारा घालून काय होतं? पण घालत होतो. नाही रडायचं म्हणून सांगितलं होतं, तरी रडत होतो.

दार उघडलं.

दाराला कडी मी लावली होती की नाही, ते मला आजही आठवत नाही. दाजी आत आले. मेणबत्ती फडफडली. माझ्याकडे बघितलं नाही. सरळ खाटेशी गेले, स्टुलावर बसले, ताईचं मनगट धरलं.

"घे," ते म्हणाले. "सोड. घे... सोड..."

ताईने डोळे उघडले. त्यांच्याकडे बघितलं. आणि तिची छाती त्या बोलण्यावर चालायला लागली. घे. सोड. हळूहळू. मला इतकं हायसं वाटलं की मी हातातलं वर्तमानपत्र खाली टाकलं. विचारलं, "झालं का काम?" उत्तर नाही. घे. सोड. म्हटलं, ठीक आहे, त्यांना आता कुठे बोलायला सवड.

मी फोन घेऊन उंबऱ्यात आलो. ऑपरेटरला लावला. "अरे, दाजी घरी आलेत! लाइन मोकळी आहे. आता तरी कर चालू!"

तो काही बोलला नाही.

"हॅलो?"

"भाऊ," तो म्हणाला. "घरी कोण आलंय?"

"दाजी. हे काय, माझ्यासमोर बसलेत."

"मग माझ्या फाटकाशी कोण उभं आहे?"

आणि मला ऐकू आलं. फोनमधून. लांबून. "अरे कर चालू! मी आलोय! बघ माझ्याकडे!" दाजींचा आवाज. या कानात.

दुसऱ्या कानात, खोलीतून. "घे... सोड..."

तोच आवाज.

मी मागे वळलो नाही. नाही वळलो. तुम्ही वळला असता? वळलो आणि तिथे काही वेगळंच असतं तर? आणि वेगळं असलं तरी ताई श्वास घेत होती ना... मी त्याला हाकलून कसा देणार? मी फोनमध्ये एवढंच म्हणालो, "ती अजून आहे. लवकर कर. कुणाचंही ऐक, पण लवकर कर."

ऑपरेटरने फाटक उघडलं. पुढे उभ्या माणसाचा हात धरला. हात गरम होता, रक्ताने चिकट. त्याला ओढत आत नेलं, स्विचसमोर उभं केलं. म्हणाला, "माझ्या हातावर हात ठेव तुझा. वर कुणी असेल, तर पाप दोघांचं." दाजींनी हात ठेवला. दोघांनी डोळे मिटले.

लाइट आली. ट्यूब फडफडली. मशीनने एक टिं केलं आणि घुं घुं सुरू झालं. आता मात्र मी वळलो. धावत जाऊन नळी काढली, मशीनला लावली. घाईत दोनदा निसटली. बाटलीत बुडबुडे आले. भराभर, एकामागून एक.

स्टुलावर कुणी नव्हतं.

ताईला झोप लागली. मी भिंतीला टेकून तिच्याकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने तिचा हात पांघरुणाबाहेर आला तेव्हा मनगटावर काळे डाग दिसले. चार बोटं आणि अंगठा. खांबावरच्या ग्रीसचे असतात तसे. ओल्या फडक्याने पुसले. निघाले नाहीत. साबण लावला. निघाले नाहीत. मग मी फडकं ठेवून दिलं.

उजाडताना दाजी आले, चालत. बाहेर नळावर दोन्ही हात घासघासून धुतले, मगच आत आले. सोलले होते, तरी धुतले. ती जिवंत आहे हे त्यांना फोनवर कळलं होतं, तरी दारात उभे राहून त्यांनी आधी बाटलीकडे बघितलं. मग खाटेशी बसले. मला म्हणाले, "ऑपरेटरने सांगितली रे मला खूण. शिडी. शिडी म्हणालो होतो मी." आणि हसायला गेले, पण हसू काही आलं नाही. रात्री घरात कोण आलं होतं ते मी त्यांना तेव्हा सांगितलेलं नव्हतं. कसं सांगणार?

त्यांना डाग दिसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

मग दाजींनी आपला धुतलेला, ओला हात उचलला आणि एकेक बोट त्या डागांवर ठेवलं. करंगळीसुद्धा बरोबर बसली. ताई जागी झाली. डोळे पुरते उघडलेही नव्हते तिने.

"अहो," ती म्हणाली. दोनदा श्वास घेतला. "परत नका... दाबू एवढं. रात्रभर... दुखलाय हात."